चित्रकाराला द्यावं तरी काय?

आमच्या नात्यागोत्यात सध्या चित्रं काढणारी तीन मुलं आहेत. एक यंदा एलिमेंटरीला बसणार आहे. एक पुण्यात चित्रकलेच्या पदविकेला आहे. तिसरी माझी चुलत नात, ती बँकेतली नोकरी सांभाळून रात्री जलरंग घेऊन बसते. त्यामुळे वाढदिवस, भाऊबीज, दिवाळी काहीही जवळ आलं की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "काका, तुमच्या घरात पेंटर होते. काय घेऊ ते सांगा ना, पाचशेपर्यंत." कधी हाच आकडा पाच हजारांवर जातो. एकदा तर एका शाळकरी पोराने मैत्रिणीसाठी विचारलं, "आजोबा, पन्नास रुपयांत काही बसतं का?" खरं सांगतो, आजवर आलेल्या प्रश्नांत मला सगळ्यात आवडलेला प्रश्न तोच.

मंडळी, मी पडलो इतिहासाचा मास्तर. दुकानाचं नाव आणि किंमत सांगून मोकळं व्हावं, ते मला जमत नाही. मी लगेच मागे जातो. आपल्या मुलखात चित्र काढणाऱ्याला कुणी, कधी, काय दिलं, हे बघत गेलं की आज काय द्यावं तेही थोडंफार कळतं, असा माझा समज आहे. घरातले हसतात. हसू देत.

सुरुवात अजिंठ्यापासून करू. धारूरहून अजिंठा काही जवळ नाही, पण मराठवाड्याचं ते अभिमानाचं ठिकाण, आणि सहली नेऊन नेऊन मला तिथल्या पायऱ्यासुद्धा पाठ झाल्या होत्या. सोळा क्रमांकाच्या लेण्यात एक शिलालेख आहे. पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने हे लेणं भिक्षुसंघाला दान दिलं, असं त्यात आहे. दात्याचं नाव आहे, त्याच्या राजाचं आहे, राजाच्या वंशावळीचं आहे. भिंती ज्याने रंगवल्या त्याचं नाव नाही. मुलांना मी हे दाखवायचो तेव्हा एखादा हमखास विचारायचा, "सर, मग चित्रं कुणी काढली?" त्याला उत्तर नाही. पण त्या अनामिकाच्या हातात कोणते रंग होते, ते मात्र तपासून सिद्ध झालेलं आहे. गेरूचा तांबडा, पिवडीचा पिवळा, मातीतून मिळणारा हिरवा, चुन्यासारखे पांढरे आणि दिव्याच्या काजळीचा काळा. म्हणजे बहुतेक सगळा माल डोंगरातला नाहीतर चुलीतला. एक निळा तेवढा परदेशी. तो लाजवर्द नावाच्या दगडाचा, आणि हा दगड यायचा थेट अफगाणिस्तानातल्या बदक्शानातून. अजिंठ्याची रंगपेटी म्हणजे पाच स्वस्त रंग आणि एक महाग. चित्रकारांनी हा महाग रंग जपून, मोक्याच्या जागी वापरलेला दिसतो. भेट देणाऱ्याने हे प्रमाण लक्षात ठेवायला हरकत नाही.

जाता जाता आणखी एक गोष्ट. रंग म्हणजे नुसती भुकटी. ती कागदाला किंवा कापडाला चिकटावी म्हणून त्यात काहीतरी धरून ठेवणारं घालावं लागतं. जलरंगात असतो बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक. तैलरंगात असतं जवसाचं तेल. म्हणजे ज्या जवसाची चटणी आपण भाकरीबरोबर खातो त्याच जवसाचं, आणि शेताच्या बांधावरच्या ज्या झाडाचा डिंक आपण खरवडून चघळायचो तसलाच तो डिंक. विलायती पेटीवर कितीही सोनेरी अक्षरं असोत, आतला अर्धा माल बालाघाटच्या शिवारातला वाटावा असा. हे कळलं तेव्हा मला फार गंमत वाटली होती.

कागदाचंही तसंच. मोगल आणि मराठेशाहीतली दप्तरं उघडली की दौलताबादी कागद आणि जुन्नरी कागद ही नावं भेटतात. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आजही आहे. महंमद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी देवगिरीला हलवली तेव्हा आलेल्या कारागिरांनी तिथे कागद करायला सुरुवात केली, असं तिथली मंडळी सांगतात. चिंध्या कुजवायच्या, कुटायच्या, लगदा पाण्यात कालवून चाळणीवर धरायचा, भिंतीला लावून वाळवायचा आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचा. आमच्या घरच्या जुन्या दप्तरात अशा कागदावरचे दोन-तीन फर्दे होते. शाई फिकी झाली होती, कागद मात्र काल केल्यासारखा. आजचं वर्तमानपत्र चार महिन्यांत पिवळं पडतं. यावरून एक अंदाज करता येतो, की पैसे कमी असतील तर आधी कागदावर घालावेत, रंगावर नंतर.

पुढे पेशवाईत पुण्याला एक वेगळाच प्रकार घडला. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट दरबारात होता. त्याच्या प्रयत्नाने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला, सवाई माधवरावांची आणि नाना फडणीसांची चित्रं त्याने काढली. याच सुमाराला शनिवारवाड्यात चित्रकला शिकवायची सोय झाली आणि तिथे आपला गंगाराम तांबट विलायती पद्धतीने चित्रं काढू लागला. १७९० साली त्याने काढलेलं पेशव्यांच्या गेंड्याचं चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. पुढे त्याने मॅलेटसाठी वेरूळची लेणीही चितारली. हात तांबटाच्या घराण्यातला, आणि समोर ठेवलं काय, तर कागद, रंग आणि अंतर दाखवायची एक नवी युक्ती. सवाई माधवराव १७९५ साली गेले, वेल्सही त्याच वर्षी गेला आणि तो सगळा डाव मोडला. गंगारामाने त्या थोड्या वर्षांत जे करून ठेवलं तेवढं उरलं.

त्यानंतरची मोठी देणगी सगळ्यांना ठाऊक आहे. सर जमशेटजी जीजीभाईंनी एक लाख रुपये दिले आणि १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. राजा रविवर्म्याची गोष्टही पुष्कळांना माहीत असते. चौदा वर्षांच्या या मुलाला त्रावणकोरच्या आयिल्यम तिरुनाळ महाराजांनी जवळ ठेवून घेतलं. तैलरंग तेव्हा नवीन आणि दुर्मिळ. दरबारी चित्रकार शिकवायला तयार नव्हता. १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचा युरोपी चित्रकार आला, त्याच्याकडूनही शिकण्यापेक्षा बघण्याचीच मुभा जास्त मिळाली. पण राजाश्रय होता, रंग हाताशी होते, बिघडवायला कॅनव्हास होते. हा मुलगा बघून बघून, चुकून चुकून तैलरंग शिकला. पुढे त्याने मुंबईत छापखाना काढला, तो मळवलीला गेला, आणि त्याची लक्ष्मी-सरस्वती आमच्या धारूरच्या किराणा दुकानांतसुद्धा गल्ल्याच्या वर येऊन बसली.

आता राजाश्रय सोडून घरातली एक गोष्ट सांगतो.

माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, धारूरमध्ये बोर्ड रंगवायचे. केज, माजलगाव, अंबाजोगाई, कुठूनही बोलावणं यायचं. दुकानाच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, निवडणुकीच्या भिंती, पोळ्याला बैलांची शिंगं, गणपतीत आरास. रंग म्हणजे इनॅमलचे डबे. भिंतीसाठी चुना, गेरू, नीळ आणि डिंकाचं पाणी. शिक्षण सातवीपर्यंत. पण कामावरून आले की रात्री कंदिलाजवळ बसून ते स्वतःसाठी चित्रं काढायचे. कशावर, तर कापडाच्या दुकानातून मागून आणलेल्या साडीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर. किल्ल्याचा बुरूज, घाटातून चढणारी एसटी, खव्याच्या भट्टीपुढे बसलेली बाई, आठवडी बाजार. हे पुठ्ठे ते कुणाला दाखवायचे नाहीत. मला दिसायचे, कारण आम्ही एकाच खोलीत झोपायचो.

आमचे एक नातेवाईक मुंबईला चांगल्या नोकरीत होते. माणूस मोठा प्रेमळ. १९७१ साली उन्हाळ्यात ते आले ते अण्णांसाठी तैलरंगांची विलायती पेटी घेऊन. लाकडी पेटी, आत मखमल, मखमलीवर ओळीने झोपलेल्या नळ्या, तीन ब्रश, एक पॅलेट. अख्खी गल्ली बघायला आली. आईने पेटीला हळदकुंकू लावलं. किंमत त्यांनी सांगितली नाही, पण ती अण्णांच्या दोन-तीन महिन्यांच्या कमाईइतकी असणार हे सगळ्यांना कळलं.

अण्णांनी ती पेटी कधी वापरली नाही. दरवर्षी खंडेनवमीला बाहेर काढायची, ब्रशांबरोबर पूजा करायची, झेंडूचं फूल वाहायचं, पुन्हा ट्रंकेत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "अरे, ती पुठ्ठ्यावर घालायची वस्तू आहे का? कॅनव्हास पाहिजे. आणि हात बसल्याशिवाय कॅनव्हासवर काय घालू?" हात बसायला नळी दाबावी लागणार, आणि नळी दाबायची तर हात बसलेला पाहिजे. या फेऱ्यात सत्तावीस वर्षं गेली. १९९८ साली अण्णा गेले. दिवस झाल्यावर ट्रंक उघडली तर काही नळ्या दगड झालेल्या, काहींतून तेल झिरपून मखमल चिकट झालेलं, टोपणं फिरत नव्हती. साडीच्या खोक्यांवरची इनॅमलची चित्रं मात्र त्याच ट्रंकेत खाली होती. मोजली, चाळीसच्या वर भरली. काही मी फ्रेम करून घेतली, ती आता नातेवाइकांकडे आहेत. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी कृपा करून उन्हात टांगू नयेत.

देणाऱ्याची यात काहीच चूक नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. त्यांनी जिवाभावाने दिलं. पण ती भेट एका मोठ्या चित्रकाराला साजेशी होती, आणि अण्णा स्वतःला चित्रकार म्हणायलाच धजत नव्हते.

या पेटीशेजारी मला नेहमी भास्कर कुलकर्णींची गोष्ट आठवते. हे नाव आज फार कुणाला माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भास्कर कुलकर्णी हे मुंबईचे चित्रकार. १९६६-६७ साली बिहारमध्ये मोठा दुष्काळ पडला. लोकांच्या हाताला काम हवं होतं. तेव्हा अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी कुलकर्णींना मिथिलेत, मधुबनी भागात पाठवलं. तिथल्या बायका लग्नाच्या वेळी कोहबराच्या खोलीत भिंतीवर चित्रं काढायच्या. १९३४ च्या भूकंपात घरं पडली तेव्हा डब्ल्यू. जी. आर्चर या इंग्रज अधिकाऱ्याला पडक्या भिंतींवर ती पहिल्यांदा दिसली, त्याने १९४९ साली 'मार्ग' मासिकात त्यावर लिहिलंही. पण भिंतीवरचं चित्र भिंतीबरोबर जातं. ते विकता येत नाही, पाठवता येत नाही, भुकेल्या घराला त्याचा उपयोग नाही. कुलकर्णींनी त्या बायकांच्या हातात कागद दिला. शिकवायला काही गेले नाहीत. तुम्ही भिंतीवर काढता तेच यावर काढा, एवढंच. जितवारपूरच्या जगदंबादेवींना १९७५ साली आणि सीतादेवींना १९८१ साली पद्मश्री मिळाली. दुष्काळातल्या त्या कोऱ्या तावापासून हे सगळं सुरू झालं.

मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हेच कुलकर्णी आपल्या महाराष्ट्रात, ठाणे जिल्ह्यातल्या वारली पाड्यांवर आले (तो भाग आता पालघर जिल्ह्यात आहे). वारल्यांकडे लग्नाच्या वेळी सवासिनी भिंतीवर चौक लिहितात. शेण आणि गेरूने सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून केलेला पांढरा, आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. चौकात पालघट देवी. याखेरीज रंग नाही, दुसरी हत्यारं नाहीत. कुलकर्णींनी इथे दिलं ते आणखी साधं होतं. खाकी कागद आणि पांढरा रंग. बाजारात ज्यात सामान बांधून देतात तसला तो कागद. तोच का, तर सारवलेल्या भिंतीशी त्याचा रंग जुळतो. काढणाऱ्याला वाटावं, हे आपलंच आहे, फक्त उचलून नेता येतं.

बायकांच्या या कलेत एक पुरुष पुढे आला, डहाणू तालुक्यातल्या गंजाडचा जिव्या सोमा मशे. लहानपणी आई गेल्यावर हा मुलगा बोलेनासा झाला आणि मातीत रेघोट्या ओढून मनातलं सांगायचा, असं त्यांच्याविषयी सगळीकडे लिहिलेलं आहे. या माणसाला कागद मिळाला आणि त्याने लग्नाच्या चौकातून बाहेर पडून मासे धरायची जाळी, मुंग्या, पाऊस, तारप्याचा नाच, आगगाडी, जे दिसेल ते काढलं. १९७५ साली मुंबईत केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन झालं. २०११ साली मशेंना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले.

मला यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. खाकी कागद बिघडला तर कुणाला काही वाटत नाही. एक फाटला, दुसरा घ्या. अण्णांच्या मखमली पेटीने त्यांचा हात धरून ठेवला, आणि दमडीच्या खाकी कागदाने वारल्यांचा हात सोडवला.

अर्थात या हिशेबाला दुसरी बाजूही आहे, ती लपवून चालणार नाही. सवासिनींचा जो विधी होता तो बऱ्याच अंशी पुरुषांचा व्यवसाय झाला. आज वारली चित्रं साडीवर, कपावर, सरकारी कचेऱ्यांच्या भिंतींवर दिसतात आणि त्यातली कित्येक वारल्यांनी काढलेलीच नसतात. कागदामुळे कला वाचली की पातळ झाली, यावर आमच्या शिक्षकखोलीत एकदा दोन तास वाद झाला होता. माझं मत विचाराल तर, कागद दिला हे बरं झालं. पुढे बाजाराने काय केलं त्याचा जाब कागद देणाऱ्याला विचारू नये.

केमोल्डचं नाव निघालं म्हणून सांगतो. केकू गांधींनी १९४१ च्या सुमारास सुरू केलेला हा मुळात फ्रेमचा धंदा. फ्रेमच्या दुकानात ते तरुण चित्रकारांची चित्रं लावायचे, त्यात पुढे नाव काढलेले हुसेन, आरा असे कितीतरी. १९६३ साली त्यांनी जहांगीरमध्ये गॅलरी सुरू केली. चित्र काढणाऱ्याला सगळ्यात जड जाणारा खर्च फ्रेमचा असतो, हे मी अण्णांच्या पुठ्ठ्यांच्या वेळी अनुभवलं. हात थोडा सैल सोडून भेट द्यायची असेल तर त्याच्याच एखाद्या चित्राला चांगली काच-फ्रेम करून द्यावी. हे कुणाला सुचत नाही.

सावंतवाडीची गोष्टही याच माळेतली. गंजिफाचे पत्ते करणारे चितारी स्वातंत्र्यानंतर संपत आले होते. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राहिलेल्या वृद्ध कारागिराला बोलावलं, राणीसाहेब स्वतः त्याच्या हाताखाली शिकल्या, आणि राजवाड्याच्या दरबारातच कारागिरांना बसायला जागा दिली. चिंचोक्याची खळ, रंग, लाख आणि एक उजेडाची खोली. खोली हीसुद्धा भेट असू शकते. ज्यांच्या घरात चित्र काढणारं पोर आहे त्यांनी खिडकीजवळचं टेबल त्याला द्यावं, टीव्ही दुसरीकडे हलवावा. याला शून्य रुपये लागतात, पण घरात महाभारत होतं हेही खरं.

आता बाजाराकडे येऊ. आमच्या लहानपणी शाळेत शाई पुडीची किंवा गोळीची असायची, पाण्यात कालवून दौतीत भरायची. १९३१ साली मुंबईत दिगंबर परशुराम दांडेकरांनी भावाला घेऊन शाईचा धंदा सुरू केला, सुरुवातीचा छाप घोड्याचा. मग उंट आला, आणि कॅमल व इंक जोडून कॅमलिन. त्यांच्या पुढच्या पिढीतले सुभाष दांडेकर विलायतेत ग्लासगोला रंगांचं रसायनशास्त्र शिकून आले आणि चित्रकारांचे रंग इथेच तयार होऊ लागले. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीने मोठा हिस्सा घेतला. सुभाष दांडेकर २०२४ साली वारले. विलायती पेटीसाठी मुंबईच्या नातेवाइकाची वाट बघायची पाळी ज्यांच्यामुळे संपली, त्यांत हे नाव घेतलंच पाहिजे. बारा रंगांची ती पेटी धारूरच्या दुकानात मिळू लागली तेव्हा अण्णा चाळिशीला आले होते.

शाळेतही मी खाकी कागदाचाच न्याय बघितला. वर्गात साठ मुलं, आणि ड्रॉइंगची वही घेऊ शकणारी फार तर पंधरा. बाकीची पाटीवर काढायची आणि पुसायची. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला चांगला कागद समोर आला की हीच मुलं बिचकायची, पेन्सिल इतकी हलकी धरायची की रेघ दिसू नये. आमच्या चित्रकलेच्या सरांनी एक तोड काढली. अंबाजोगाईच्या एका छापखान्यातून कागद कापल्यावर उरलेल्या पट्ट्या ते पोत्यात भरून एसटीच्या टपावर टाकून आणायचे. वर्गात पोतं ओतायचे. "आजच्या आज संपवा," एवढंच सांगायचे. पहिल्या आठवड्यात मुलं पट्टीच्या कोपऱ्यात काढायची. तिसऱ्या आठवड्यात पट्ट्या पुरेनात. त्या वर्गातली एक मुलगी पुढे स्वतः कलाशिक्षिका झाली. ती मला भेटली की अजून त्या पोत्याचं नाव काढते, आमच्या इतिहासाच्या तासांचं काढत नाही.

तर मंडळी, नेहमी विचारता म्हणून एकदाच लिहून ठेवतो. पन्नास रुपये असतील तर 4बी, 6बी अशा दोन मऊ पेन्सिली आणि उरलेल्या पैशांचा खाकी कागद. किराणा दुकानातून मूठभर गेरू फुकट मिळाला तर घ्यावा, डिंकाच्या पाण्यात कालवून उत्तम चालतो. दोनशे-तीनशे असतील तर पोस्टर रंगांच्या बाटल्या, आणि पांढरी बाटली एक जास्त, कारण ती आधी संपते. पाचशेच्या वर गेलात तर रंगांच्या मोठ्या पेटीचा मोह टाळा. चोवीस रंगांतले बारा कुणी हात न लावता वाळवतो. त्यापेक्षा जलरंगाचा जाड कागद घ्यावा, तीनशे ग्रॅमचा, शक्यतो सुती. एका तावाला पैसे पडतात, पण साध्या कागदावर पाणी टाकलं की तो पापडासारखा वर येतो आणि पोर समजतं आपलाच हात वाईट. पुण्याच्या शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० पासूनची, तिचा कागदही मला आवडतो. त्यातला एखादा ताव जपून ठेवलेला दिसला तर लगेच आणखी चार द्यावेत, म्हणजे पहिला वापरला जातो.

जो जाणता आहे, त्याला आपण रंग निवडून देऊ नयेत. त्याच्या पेटीत डोकवावं, कोणती नळी पिळून पिळून सपाट झाली आहे ते बघावं आणि तीच, त्याच कंपनीची, पण विद्यार्थी-दर्जाऐवजी कलाकार-दर्जाची आणावी. फरक असतो. स्वस्त नळीत रंगद्रव्य कमी आणि भर जास्त. अजिंठ्याचा हिशेब इथे लावावा, पाच साधे आणि एक लाजवर्द.

ब्रश घेताना मात्र एक काळजी घ्या. मुंगसाच्या केसांचे ब्रश पूर्वी सर्रास मिळायचे, अण्णांकडेही होते. मुंगूस आता वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे आणि असा ब्रश विकणं-बाळगणं गुन्हा आहे. एकेका ब्रशाच्या मूठभर केसांसाठी मुंगसं मारली जातात. दुकानदार "असली केस" म्हणून हळूच पुढे करतो. घेऊ नका. कृत्रिम धाग्यांचे ब्रश आता इतके चांगले आले आहेत की जलरंगाला सहा आणि बारा नंबरचा गोल आणि तैलरंगाला एक चपटा घेतला तर बरीच वर्षं तक्रार येत नाही. ब्रश धुऊन आडवा वाळवायचा असतो, पेल्यात केसांवर उभा करून ठेवायचा नसतो, हे भेटीबरोबर सांगावं. आमच्याकडे अण्णांनी हे सगळ्या भाचरांना शिकवलं होतं. पोळ्याच्या रात्री शिंगं रंगवून झाली की सगळे ब्रश रॉकेलने धुऊन ओट्यावर ओळीने आडवे पडलेले असायचे, आणि सकाळी कोणता कुणाचा यावरून भांडणं व्हायची.